इग्निशन कॉइल

इग्निशन कॉइल हा पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या वाहनाच्या प्रज्वलन यंत्रणेतील एक महत्त्वाचा भाग होय. बॅटरीच्या १२ व्होल्ट दाबापासून स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पाडण्यास पुरेसा, म्हणजे हजारो व्होल्टचा विद्युत दाब निर्माण करणे हे तिचे कार्य आहे. डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. त्यामुळे तेथे ही कॉइल नसते.

निकामी झालेली कॉइल सहसा दुरुस्त करता येत नाही, ती बदलावी लागते. बदली कॉइल निवडताना ती जागेवर नीट बसते एवढेच पाहणे पुरेसे नसते. तिचे विद्युत गुणधर्म वाहनाच्या यंत्रणेशी जुळणे आवश्यक असते.

रचना व कार्य

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन कुंतले असतात. प्राथमिक कुंतल जाड तारेचे व थोड्या वेढ्यांचे असते. द्वितीयक कुंतल अतिशय बारीक तारेचे असून त्याचे वेढे सुमारे शंभरपट असतात. प्राथमिक कुंतलातील विद्युत धारेमुळे गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते. ही धारा एकाएकी खंडित केली की क्षेत्र कोसळते आणि द्वितीयक कुंतलात उच्च दाब प्रवर्तित होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे हे व्यावहारिक उपयोजन होय. बॅटरी व कॉइलवर आधारित मोटारीची प्रज्वलन यंत्रणा अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास विकसित केली.

प्रकार

१. डबा कॉइल : सर्व सिलिंडरांसाठी एकच कॉइल असते व डिस्ट्रिब्युटर क्रमाने प्रत्येक प्लगला दाब पुरवतो. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींत ही पद्धत होती.
२. कॉइल पॅक : दोन सिलिंडरांच्या प्लगना एकाच कॉइलमधून एकाच वेळी ठिणगी मिळते. त्यांपैकी एक ठिणगी ज्वलनाच्या उपयोगी पडते, दुसरी वाया जाते.
३. प्लगवरील कॉइल : प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. आधुनिक मोटारींत हा प्रकार सर्वाधिक आढळतो.

निदान

इंजिन थरथरणे, चढावर ओढ कमी होणे आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लागणे ही बिघाडाची लक्षणे होत. मात्र झिजलेला प्लग, बंद पडलेला इंजेक्टर किंवा प्लगच्या खोबणीत उतरलेले तेल यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. स्कॅनरवरील पी०३०१ हा संकेत पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे इतकेच सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करून पाहावी. संकेत कॉइलबरोबर सरकला, तर दोष कॉइलचा. जागेवरच राहिला, तर तो अन्यत्र शोधावा. ही अदलाबदल इंजिन बंद ठेवूनच करावी.

दोष आढळल्यावर दिरंगाई करणे महागात पडते. न जळलेले इंधन उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन पेटते, त्याच्या अतितापाने परिवर्तक निकामी होतो आणि त्याची किंमत कॉइलच्या अनेक पट असते.

निवडीचे निकष

प्राथमिक कुंतलाचा रोध : प्लॅटिन पॉइंट असलेल्या जुन्या यंत्रणेतील कॉइलचा रोध सुमारे ३ ओहम असतो. ओहमच्या नियमानुसार १२ व्होल्टवर तिच्यातून ४ अँपिअर धारा वाहते. तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी बनवलेली ०.५ ओहमची कॉइल बसवल्यास धारा २४ अँपिअरपर्यंत जाऊ शकते व पॉइंट जळतात. आधुनिक मोटारीत संगणक ही धारा केवळ काही सहस्रांश सेकंद सुरू ठेवतो. तो कालावधी मूळ कॉइलला अनुसरून ठरवलेला असल्याने, वेगळ्या गुणधर्मांची कॉइल बसवल्यास ठिणगी दुबळी पडते किंवा धारा नियंत्रित करणारा ट्रान्झिस्टर जळतो.

पिनांची रचना : दोन पिनांच्या कॉइलमध्ये हा ट्रान्झिस्टर बाहेर असतो, तीन व चार पिनांच्या कॉइलमध्ये बहुधा तो आतच असतो. चौथी पिन काही वाहनांत संगणकाला परतीचा संदेश देते, तर काहींत ती दुसरी भूजोडणी असते. म्हणून जोडणीचा आकार सारखा असला, तरी कॉइल सारखी असेलच असे नाही.

सुटा भाग क्रमांक : जुन्या कॉइलवरील क्रमांक आणि वाहनाचा चासी क्रमांक या दोन्हींवरून भाग निश्चित करावा. एकाच नावाच्या मोटारीत वर्षानुसार इंजिन बदललेले असू शकते.

अधिक व्होल्टविषयीचा गैरसमज

अधिक व्होल्टच्या कॉइलमुळे मोटारीची शक्ती वाढते, ही समजूत सुस्थितीतील सामान्य मोटारीबाबत खरी नाही. प्लगच्या फटीतून ठिणगी पडेपर्यंतच दाब वाढतो. किती दाब लागेल हे मुख्यतः फटीचे अंतर आणि सिलिंडरमधील दाब यांवर ठरते. प्लग झिजून फट रुंदावली, की कॉइलवरील ताण वाढतो. सीएनजीवर ठिणगीला मुळातच अधिक दाब लागतो, त्यामुळे तेथे प्लगची स्थिती अधिकच महत्त्वाची ठरते. झिजलेले प्लग तसेच ठेवून नवी कॉइल बसवल्यास तीही लवकर निकामी होण्याचा संभव असतो.

हे सुद्धा पाहा : स्पार्क प्लग, रोहित्र, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, अंतर्ज्वलन इंजिन