प्रकाशाचे घर

देवळातले निरांजन उचलून खळ्यावर नेले, तेल आणि वात तीच ठेवली, तर (वाऱ्याने ते विझले नाही म्हणजे) उजेडही तोच पडेल, याविषयी आपणांपैकी कोणासच शंका नसावी. प्रकाश ज्योतीचा, भिंतींनी फार तर तो अडवावा. परंतु १९४६ साली एडवर्ड पर्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका लहानशा टिपणात निराळाच विचार मांडला. उत्तेजित अणू आपली ऊर्जा किती लवकर सोडील, हे एकट्या अणूवर अवलंबून नसते. सभोवतालची पोकळी कशी आहे, यावरही ते ठरते. पर्सेलपुढे प्रश्न होता रेडिओलहरींचा. प्रकाशाच्या बाबतीत त्याचा प्रत्यय यावयाचा, तर पोकळी प्रकाशतरंगाच्या लांबीएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास हवी. देऊळ त्या मानाने अफाट मोठे, म्हणून निरांजनास देवळाची जाणीव नाही.

एवढ्या लहान घरात प्रकाश कोंडावा कसा? विजापूरचा गोलघुमट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजावे, आणि समोरच्या बाजूस उभ्या असलेल्याने ते स्पष्ट ऐकावे! ध्वनी तेथे वाकलेल्या भिंतीला बिलगून जातो. रामन यांनी १९२२ साली अशा सज्जांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात या घुमटाचाही विचार आहे. अर्धवाहक पदार्थाची काही मायक्रोमीटर रुंदीची चकती केली, तर तिच्या आतल्या कडेने प्रकाश असाच फिरत राहतो.

दुसरा मार्ग आरशांचा. धातूचा आरसा येथे चालत नाही, कारण प्रत्येक परावर्तनाच्या वेळी तो थोडा प्रकाश गिळतो, आणि शेकडो फेऱ्यांत त्या थोड्याचे सर्वस्व होते. म्हणून गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइड यांचे थर एकाआड एक चढवितात. प्रत्येक थराची जाडी त्या पदार्थातील तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारे ६५ ते ८० नॅनोमीटर. दोन थरांच्या एका सीमेवरून शंभरातला एक भाग प्रकाशही परत येत नाही. मग उपयोग काय? आखाजीला झोक्यावर बसलेल्या मुलीला हलकेच पण वेळ साधून रेटा दिला, तर झोका निंबाच्या फांदीपर्यंत चढतो. अवेळी दिलेला जोराचा रेटा मात्र वाया जातो. थरांची जाडी याच हिशेबाने बेतलेली असते. सर्व सीमांवरून परतणारे तरंग एकाच तालात मिळतात, आणि वीसपंचवीस जोड्यांचा आरसा शंभरातले नव्याण्णवांहून अधिक भाग परत पाठवितो. ताल मात्र एकाच रंगापुरता. दुसऱ्या रंगाला हे घर आपले म्हणत नाही.

आता या घरातला दिवा. इंडियम आर्सेनाइडच्या स्फटिकातील अणूंचे अंतर गॅलियम आर्सेनाइडपेक्षा सुमारे सात टक्के जास्त. एकावर दुसरा चढविला की पहिला दीड थर कसाबसा बसतो, पुढे ताण सोसवत नाही आणि पानावर दव जमावे तशी बारीक बेटे उमटतात. वीसेक नॅनोमीटर रुंदीचे प्रत्येक बेट म्हणजे एक पुंजबिंदू, क्वांटम डॉट. त्यात सापडलेल्या इलेक्ट्रॉनला अणूतल्याप्रमाणे ठराविक ऊर्जापायऱ्यांवरच राहावे लागते, आणि उतरताना तो एका वेळी एकच प्रकाशकण सोडू शकतो. पवईच्या आयआयटीतही असे बिंदू वाढविण्याचे काम झालेले आहे.

एकच प्रकाशकण हवा कोणाला? गुप्त संदेश पाठविणाऱ्याला. एका कणाचे दोन भाग करून वाटेत एक चोरता येत नाही. परंतु साध्या स्फटिकात पुरलेल्या बिंदूचा प्रकाश आतल्या आतच परावर्तित होतो. शंभरांतले दोनेक कणच वरच्या पृष्ठभागातून बाहेर येतात. शंभर पत्रे टाकून दोन पोचणारे टपाल काय कामाचे! बिंदू आरशांच्या मध्ये ठेवून त्या थरांचा बारीक खांब कोरला, की स्थिती पालटते. १९९८ साली फ्रान्समध्ये अशा खांबांतील बिंदूंनी सुमारे पाचपट वेगाने प्रकाश सोडलेला आढळला, आणि त्यातला बहुतेक खांबाच्याच दिशेने गेला. पर्सेलचे म्हणणे दिव्याने मान्य केले, म्हणावयाचे.

२००४ साली जर्मनीतील वुर्त्सबर्ग आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील संशोधकांनी घर इतके पक्के केले की सुटलेला कण बाहेर पडण्यापूर्वीच बिंदूने पुन्हा गिळावा, पुन्हा सोडावा. या देवघेवीत ऊर्जा बिंदूची की प्रकाशाची, हे वेगळे सांगताच येत नाही. वर्णपटात एका रेषेच्या जागी दोन दिसू लागतात. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

अडचणी पुष्कळ आहेत. दवाचे थेंब आपण सांगू तेथे पडत नाहीत, तसे हे बिंदूही. प्रत्येकाचा आकार निराळा, म्हणून रंग निराळा. घराशी जुळणारा बिंदू हजारांतून शोधावा लागतो, किंवा तापमान किंचित बदलून रंग जुळवावा लागतो. शिवाय हे प्रयोग बहुधा उणे २६९ अंशांच्या जवळपास, द्रवरूप हेलियमच्या थंडीत करतात. स्फटिकातील अणूंची थरथर वाढली की बिंदूची रेषा पसरते आणि ताल मोडतो. आपल्याकडच्या वैशाखातल्या ४५ अंशांत असा दिवा चालविणे म्हणूनच फार कठीण. निराळ्या पदार्थांचे, अधिक उष्णता सोसणारे बिंदू घडविण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालू आहेत.