जंतूंचा कच्चा रंग, पक्का रंग

माहूर-किनवटच्या रानात शिमग्याच्या सुमारास पळस फुलतो. त्याच्या फुलांचा रंग अंगरख्यावर पडला तर दोन धुण्यांत निघून जातो. पण तुरटी लावलेल्या कापडावर मंजिष्ठाचा रंग बसला की तो कापडाबरोबरच जातो. रंगाऱ्याची ही कच्च्या-पक्क्याची कसोटीच जंतुशास्त्राने जंतूंची जातकुळी ओळखण्यासाठी उचलली आहे.

जंतू बहुधा काचेसारखे बिनरंगी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली असूनही नसल्यासारखे. १८८४ साली ग्राम या डॅनिश डॉक्टराने त्यांना जांभळा रंग दिला, वर आयोडीन घातले आणि मद्यार्काने धुतले. जाड भिंतीच्या जंतूंनी रंग धरून ठेवला, पातळ भिंतीच्यांनी सोडला. सोडणाऱ्यांना मागाहून तांबूस रंग देतात. मात्र एवढ्याने जंतूचे नाव कळते असे कोणी समजू नये. पटकीचा स्वल्पविरामासारखा जंतू तांबूस, आणि आपल्या आतड्यात सुखाने नांदणारे पुष्कळ जंतूही तांबूसच! यात्रेत पटकीचा संशय आला, तर जंतू वाढवून पाहिल्यावाचून खात्री होत नाही.

क्षयाच्या जंतूची गोष्ट निराळी. २४ मार्च १८८२ रोजी कॉखने तो जगापुढे मांडला. त्याची भिंत मेणचट. साधा रंग आत शिरतच नाही. म्हणून झील आणि नीलसेन यांच्या रीतीने काचपट्टीवर लाल फुक्सिन ओतून वाफ निघेपर्यंत तापवतात, उकळू मात्र देत नाहीत. मग गंधकाम्लाने धुतात. बाकी सारे रंग सोडते. क्षयजंतू सोडत नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या भूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. महारोगाचा जंतूही याच गोत्रातला, पण त्याला अम्ल सौम्य लागते.

खरी परीक्षा यापुढे आहे, आणि ती तपासनिसाची. बेडक्याच्या एका मिलिलिटरात पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा दृष्टीस पडत नाहीत. म्हणून निदान शंभर क्षेत्रे पाहिल्यावाचून 'जंतू नाहीत' असे लिहायचे नसते. वीस पाहून उठणारा माणूस एका खोकणाऱ्याला बिनऔषधाचा घरी पाठवतो, आणि त्या घरात लहान मुले असतात. रोग्याकडूनही एक अपेक्षा असते: खोल खोकून बेडका द्यावा, नुसती लाळ नव्हे. माहूरला रेणुकेचा तांबूल कोण नाकारील? पण नमुन्याआधी चूळ भरावी, पानाचे कण फार घोटाळा करतात.

आता जनुकाच्या तपासणीने सुमारे दोन तासांत निदान होते, औषधाला न जुमानणारा जंतूही कळतो. तरी उपचार चालू असताना जंतू कमी होतात की नाही, हे पाहायला काचपट्टी अजून लागतेच.