मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

नेत्रविभागात परिचारिका म्हणून काम करताना एक वाक्य सतत कानावर येतं. "सिस्टर, अजून पिकला नाही ना? मग दिवाळी झाली की बघू." या समजुतीपायी कितीतरी माणसं विनाकारण चाचपडत जगतात, ते मला बघवत नाही.

एके काळी या म्हणण्यात तथ्य होतं. तेव्हा शस्त्रक्रिया म्हणजे मोठा छेद, टाके आणि नंतर जन्मभर जाड काचांचा चष्मा. म्हणून नजर पुरती गेल्याशिवाय डॉक्टर हात लावत नसत. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिकच्या काचेचे तुकडे शिरले आणि डोळ्यांनी ते सहन केले. हे पाहून हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. १९६७मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची रीत आणली. तीच आजची फेको.

मोतीबिंदू बुबुळावर वाढत नाही. बाहुलीमागचं आपलं भिंगच वयानं, मधुमेहानं, स्टिरॉइडनं किंवा मार लागून गढूळ होतं. कुठल्याही थेंबांनी तो विरघळत नाही. काहींना मध्येच चष्म्याविना पेपर वाचता येऊ लागतो आणि घरचे खूश होतात. पण तीही बहुधा मोतीबिंदूचीच खूण असते.

वाट पाहिली की भिंग कठीण होतं, शस्त्रक्रिया अवघड होते. कधी ते फुगून डोळ्यातला दाब वाढतो आणि मग काचबिंदू. त्यानं गेलेली नजर परत येत नाही. म्हणून स्वयंपाक, वाचन, रात्रीचा रस्ता अडू लागला, की वेळ झाली समजा.

आधी डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर ठरतो. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर न विसरता सांगा. त्या गोळीनं शस्त्रक्रियेत बाहुली नीट मोठी राहत नाही. बहुतेकांचा फक्त डोळा बधिर करतात. हिरव्या कापडाखाली आजी जाग्या असतात, मशीनचा आवाज ऐकतात, माझा हात घट्ट धरतात. "मान हलवू नका, आजी," एवढंच मी म्हणते. दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग निघतं, त्याचं पातळ आवरण मात्र राखतात. त्यात घडी घातलेलं नवं भिंग सोडलं, की ते आपोआप उलगडतं.

साध्या भिंगाला वाचायचा चष्मा बहुधा लागतोच, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं काही महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा धुरकट दिसलं, तर त्या मागच्या आवरणाला लेझरनं वाट करून देतात. काही मिनिटांचं काम.

नंतर काही आठवडे थेंब, डोळा चोळायचा नाही, डॉक्टर सांगेपर्यंत डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. ठणका लागला, डोळा लाल झाला किंवा आलेली नजर कमी झाली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी या, रात्र झाली असली तरी.