उकिडवं बसता येईल असा पाय

जमिनीवर मांडी घालून जेवायचं, चुलीपुढे उकिडवं बसायचं, अनवाणी देवळात शिरायचं, पोटऱ्यांएवढ्या चिखलात उभं राहून भात लावायचा. आपल्याकडचा गरीब माणूस पायाकडून दिवसभरात एवढी कामं करून घेतो. पाश्चात्त्य देशांत घडलेल्या कृत्रिम पायाला यातलं एकही काम येत नव्हतं. तो पाय खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या माणसासाठी बनलेला होता. त्याचा घोटा वाकत नसे, बुटाशिवाय तो वापरता येत नसे, आणि शेतातल्या पाण्यात बूट टिकत नसे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना 1960 नंतरच्या दशकात हेच दिसत होतं. मोठ्या खटपटीने बसवलेले पाय रुग्ण घरी नेत आणि कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबड्या घेत.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शालेय शिक्षण जेमतेम, पण हात असा की लाकूड, धातू, माती काहीही दिलं तरी त्यातून हवा तो आकार निघावा. रुग्णांना हस्तकला शिकवणं हे त्यांचं काम. अवयव गमावलेली माणसं वॉर्डात कशी वावरतात, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. ट्रकचे झिजलेले टायर साच्यात घालून, उष्णता देऊन पुन्हा नवे करणाऱ्या दुकानातली युक्ती त्यांनी पायासाठी वापरली, असं सांगतात. रबराचं पहिलं भरीव पाऊल फार जड आणि ताठ झालं. मग आत हलकं स्पंजासारखं रबर भरण्याची कल्पना निघाली आणि 1968च्या सुमारास आज आपण ‘जयपूर फूट’ म्हणतो तो पाय आकाराला आला.

त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. टाच आणि चवडा सूक्ष्म छिद्रं असलेल्या रबराचे, घोट्याच्या जागी हलक्या लाकडाचा ठोकळा. या तिन्ही तुकड्यांवर टायरच्या धाग्याचे आणि रबराचे थर गुंडाळायचे, सर्वांत वर त्वचेच्या रंगाचं रबर, आणि हे सगळं ॲल्युमिनियमच्या साच्यात बंद करून भट्टीत ठेवायचं. साच्यातून निघतं ते पाच बोटांचं, खऱ्यासारखं दिसणारं पाऊल. आतले भाग वेगवेगळे असल्याने ते वर वाकतं, आत-बाहेर कलतं, खाचखळग्यांच्या जमिनीशी जुळवून घेतं. बूट लागत नाही, भिजलं तरी चालतं. मूळ पाऊल पेटंटच्या कुंपणात अडकवलं गेलं नाही, त्यामुळे दुसऱ्या शहरांत आणि देशांतही ते बनवता आलं. सेठी यांना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या मानाने मास्टरजींचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते. या पावलावर डॉक्टराइतकाच कारागिराचा हक्क आहे.

पण पाऊल तयार झालं म्हणून ते गरिबापर्यंत पोचलं असं झालं नाही. पहिल्या सात वर्षांत रुग्णालयातून शंभर पायही बसवले गेले नव्हते. ही कोंडी फोडली ती देवेंद्र राज मेहता या सनदी अधिकाऱ्याने. राजस्थानात जिल्हाधिकारी असताना 1969 साली झालेल्या मोटार अपघातात त्यांचा पाय कापावा लागेल की काय, इथवर वेळ आली होती. पाय वाचला, पण ज्यांचा वाचत नाही त्यांचं काय होतं हे रुग्णालयाच्या खाटेवरून त्यांना दिसलं. 1975 साली, महावीर निर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षात, त्यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. हेच मेहता पुढे मुंबईत सेबीचे अध्यक्ष झाले, 1995 ते 2002 या काळात.

समितीची खरी शोधबुद्धी मला तिच्या दारात दिसते. गरीब माणसाला दुसरी खेप परवडत नाही. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला आणलेल्या भावाचीही बुडालेली मजुरी, परक्या शहरात मुक्काम. ‘माप घेतलं, पुढच्या महिन्यात या’ असं सांगितलं की तो माणूस बहुतेक वेळा येतच नाही. म्हणून इथे चिठ्ठीचपाटी, आधी वेळ घेणं हे काही लागत नाही. रात्री-अपरात्री आलेल्यालाही आत घेतात, राहण्या-जेवणाची सोय होते, पाय मोफत मिळतो आणि शक्यतो पाय लावूनच माणूस परततो.

हा वेग साधला तो साध्या प्लास्टिकच्या पाइपमुळे. पूर्वी नडगीचा भाग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा ठोकून घडवत. पुढे पाणी वाहून नेणारे एचडीपीई पाइप असतात, तसाच पाइप वापरात आला. पायाच्या उरलेल्या भागावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप घेतात, त्यात प्लास्टर ओतून हुबेहूब प्रतिकृती करतात. ओव्हनमध्ये मऊ केलेला पाइप त्या प्रतिकृतीवर ओढला की ताबडतोब तिचा आकार घेतो. खाली पाऊल जोडायचं, पट्टे लावायचे, दोन समांतर दांड्यांमध्ये माणसाला उभं करायचं. हीच सामग्री टेम्पोत घालून शिबिरं होतात, अफगाणिस्तानसारख्या भूसुरुंगांनी पोळलेल्या देशांतही. पायांखेरीज कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली धरल्या तर समितीने मदत केलेल्यांची संख्या वीस लाखांच्या वर जाते.

मुंबईकरांना या पायाची ओळख झाली ती नर्तकी सुधा चंद्रन यांच्यामुळे. 1981च्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला आणि जयपूरच्या पायावर त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या; 1986च्या ‘नाचे मयूरी’ या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्या कथेने अनेकांना उभारी दिली हे खरं. तरी रुळांवर पाय गमावलेला हमाल किंवा उसाच्या फडात पाय गेलेला तोडणी कामगार यांना रंगमंच नको असतो. त्यांना उद्याची मजुरी हवी असते, आणि पाय त्या कसोटीला उतरायला हवा.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायला हवी. एका दिवसात पाय, याची किंमतही असते. ज्या भागात पायाचा उरलेला अंश बसतो तो नीट जुळला नाही तर कातडी सोलवटते, जखम होते, आणि मधुमेह असेल तर ती जखम जिवावर बेतू शकते. विदेशी तज्ज्ञांनी पाइपच्या पायांची तपासणी केली तेव्हा बसवणुकीतले दोष आणि तुटफूट त्यांना आढळली. शिबिर उठल्यावर कुठे जायचं, हा प्रश्न लाभार्थ्यांच्या आकड्यांत दिसत नाही. म्हणून कायमच्या केंद्रांना मी शिबिरांपेक्षा मोठं मानतो. तालुक्याच्या ठिकाणी पट्टा बदलून देणारा, घासणारी कडा तापवून बाहेर वळवणारा एक शिकलेला तंत्रज्ञ असला तर वाटलेले निम्मेअधिक पाय जास्त दिवस वापरात राहतील, असं मला वाटतं.

समिती सुधारणांना बिचकत नाही, हे आश्वासक आहे. गुडघ्यावरून पाय गेलेल्यांसाठी जुना सांधा चालताना दगा देई. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर तिने नायलॉनचा स्वस्त ‘जयपूर नी’ बनवला. ‘टाइम’ने 2009च्या उत्तम शोधांत त्याची नोंद घेतली. आता हीच आस्था मुलांच्या वाट्याला जास्त यायला हवी. वाढत्या वयात हाड वाढतं, मापं बदलतात, आणि आज नीट बसलेला पाय वर्ष-दोन वर्षांत आखूड पडतो. एकदा पाय देऊन मुलाचं काम संपत नाही. त्याचं नाव, गाव आणि पुढच्या मापाची तारीख कुणीतरी वहीत लिहून ठेवायला हवी, आणि त्या तारखेला त्याच्या बापाला बोलावणं धाडायला हवं, गाडीभाड्यासकट.