काळ्या जमिनीचा कलिल आणि चोपणपणा

पावसाळ्यांत गढूळ पाण्याच्या हंड्यांत तुरटी फिरविण्याची रीत आमच्या वाचकांस परिचयाची आहे. रात्रभर स्वस्थ ठेवूनहि न बसणारा गढूळपणा तुरटीनें लवकर कां बसतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. काळ्या जमिनीचा कस व तिचा नाश हीं दोन्ही या एकाच प्रश्नांत दडलेलीं आहेत.

मीठ पाण्यांत विरघळतें. वाळू तळाशीं बसते. या दोहोंच्या मधली एक अवस्था आहे. तींतील कण विरघळतहि नाहींत व सहसा बसतहि नाहींत. अशा पदार्थांस टॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञानें १८६१ मध्यें कोलॉइड हें नांव दिलें. मराठींत त्यांस कलिल म्हणतात. हे कण मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनहि लहान असल्यामुळें त्यांचा एकूण पृष्ठभाग अफाट असतो. काळ्या मातींतील अशा एक ग्रॅम चिकणकणांचा पृष्ठभाग कित्येक शें चौरस मीटर भरतो. ओल व पिकाचें अन्न धरून ठेवण्याची शक्ति तेथेंच असते.

या कणांवर ऋण विद्युद्भार असतो. समान भाराचे कण परस्परांस दूर लोटतात, म्हणून पाणी निवळत नाहीं. तुरटींतील धनभारित ॲल्युमिनियम हें लोटणें मोडतो व कण एकत्र येऊन बसतात. शेतांत हेंच काम चुन्यांतील कॅल्शियम करितो. त्यामुळें माती रवाळ व भुसभुशीत राहते.

परंतु कालव्याचें पाणी बेसुमार दिलें आणि निचरा नसला, म्हणजे क्षार वर येतात व त्यांतील सोडियम कॅल्शियमची जागा बळकावतो. त्याच्यानें कण एकत्र राहत नाहींत. ते सुटे होऊन मातीचीं छिद्रें बुजवितात. पाणी मुरत नाहीं व वाळल्यावर ढेकळें दगडासारखीं होतात. हीच चोपण जमीन. नीरेच्या डाव्या कालव्यावर १८८५ च्या सुमारास पाणी आलें. पुढील कांहीं दशकांतच तेथील चांगल्या जमिनी पाणथळ व खारवट होऊं लागल्या.

परीक्षा सोपी आहे. वाळल्या मातीचा लहान खडा पावसाच्या स्वच्छ पाण्यांत न हलवितां ठेवावा. भोंवतीं दुधासारखा ढग पसरला, तर चोपणपणाचा संशय धरून मातीची तपासणी करवावी. खडा नुसता विरून पाणी स्वच्छ राहिलें, तर भय थोडें.

उपायांत क्रम महत्त्वाचा. प्रथम चर खणून निचरा करावा; नंतर तपासणींत ठरेल तितकें जिप्सम मातींत मिसळून चांगलें पाणी द्यावें. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतो व तो चरांतून वाहून जातो. निचऱ्यावांचून जिप्समचा खर्च व्यर्थ होय. तसेंच सोडियम भरलेली खारवट जमीन जिप्समवांचून नुसत्या पाण्यानें धुतल्यास क्षार जातात, पण चोपणपणा वाढतो. म्हणून पाटाला पाणी मागण्यापूर्वीं तें जाणार कोठून, हें आमच्या बांधवांनीं पाहावें, अशी आमची विनंती आहे.