जुन्या ट्रकचे नवे फुटबोर्ड

खालापूर तालुक्यातील एका बौद्धवाडीत, विहाराच्या मागे जांभळाच्या झाडाखाली, एक जुना ट्रक कित्येक वर्षे उभा होता. गोल बोनेटचा, टाटा-मर्सिडीज बनावटीचा. कोंबड्या त्याच्या हौद्यात अंडी घालीत आणि मुले लपाछपी खेळत. ट्रकचे मालक वाडीतलेच, आज पंचाहत्तरी गाठलेले. सारी वाडी त्यांना ड्रायव्हर काका म्हणते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यावर भिशीचे पैसे आणि बायकोच्या पाटल्या मोडून त्यांनी हा ट्रक जुन्या बाजारातून घेतला. विटा, भाताची पोती, पेंढा वाहून त्यावर तीन मुलांची शिक्षणे केली. धाकटा मुलगा आज वेल्डर आहे. मागच्या दिवाळीनंतर तो म्हणाला, "बाबा, ह्या जयंतीला आपली गाडी नवी करून काढायची."

काका "हो" म्हणाले, पण एक अट घालून. ती अट सांगण्यासाठीच हा लेख.

आधी गाडीविषयी थोडे. टाटांनी जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीबरोबर करार करून १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. करार १९६९ साली संपला. त्या काळातील गाड्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. आपल्याकडे ट्रक घेणे म्हणजे बहुधा चेसिस घेणे. इंजिन, चाके, सांगाडा कंपनीचा आणि केबिन-हौदा बांधायचा तो गावोगावच्या सुतार-लोहारांनी. खोपोलीला तर हा धंदा आपोआप वाढला. बोरघाट चढण्यापूर्वी गाड्या तेथे थांबत, रेडिएटरमध्ये पाणी घालीत, ब्रेक तपासत. गॅरेजवाले, डेंटर, पेंटर, टायरवाले, सगळ्यांची चूल त्यावर पेटे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाल्यावर पुष्कळशी वाहतूक तिकडे वळली. पण कसब एका दिवसात मरत नाही. आपल्या समाजातील अनेक तरुणांच्या हातात ते आजही आहे. त्याला आपण "गॅरेजमधला पोरगा" म्हणून कमी लेखू नये.

कामाला सुरुवात झाली तेव्हा पहिला वाद फुटबोर्डवरून झाला. केबिनच्या दोन्ही दारांखाली चढण्यासाठी जी लोखंडी पायरी असते ती म्हणजे फुटबोर्ड. चिखल आणि कोकणातला पाऊस ह्यांनी ती आतून पार खाल्ली होती. वरून रंग दिसे, हाताने दाबले की पापुद्रा निघे. मुलाची इच्छा अशी की, नवे फुटबोर्ड चांगले रुंद आणि लांब करावे, मागच्या चाकापर्यंत न्यावे, वर चकचकीत पट्टी मारावी. "मिरवणुकीत दोन्ही बाजूंना पाच-पाच पोरं झेंडे घेऊन उभी राहतील, काय दिसेल!"

काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला आणि मला ओट्यावर बसवले आणि पूर्वी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी काका दुसऱ्याच्या ट्रकवर होते. त्यांचा क्लीनर आपल्याच वाडीतला, सतरा वर्षांचा. घाटात नागमोडी वळणावर समोरून गाडी अडली, ट्रक मागे घ्यावा लागला. रस्त्याची कड दाखवायला तो पोरगा नेहमीप्रमाणे फुटबोर्डवर उभा राहिला. एका हाताने दार धरलेले, दुसऱ्या हाताने खुणा. गंजलेला बोल्ट तुटला. फुटबोर्ड एका बाजूने लोंबकळले आणि पोरगा चाकाखाली गेला. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्यापासून गेला. मालक म्हणाला, "पोरगा ड्रायव्हरने ठेवलेला, माझा त्याच्याशी संबंध नाही." वाडीत कायदा जाणणारा कोणी नव्हता. पोराला एक पैसा मिळाला नाही.

"मी त्याला कधी म्हटलं नाही की खाली उतर," काका म्हणाले. "सगळेच तसे उभे राहायचे. म्हणून फुटबोर्ड कर, मजबूत कर, चांगलं कर. पण चढण्यापुरतं. उभं राहण्यापुरतं नको."

वाचकहो, काकांना जे अनुभवाने कळले ते कायद्यातही लिहिलेले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२३ प्रमाणे चालकाने कोणालाही फुटबोर्डवर उभे करून नेऊ नये, आणि कोणीही फुटबोर्डवर, टपावर किंवा बोनेटवर बसून प्रवास करू नये. लग्नाची वरात असो की जयंतीची मिरवणूक, कायदा तोच. दुसरी गोष्ट नुकसानभरपाईची. ह्यासाठी २०२५ पर्यंत १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा होता. २००९ च्या दुरुस्तीनंतर तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणून ओळखला जाई. कामावर असताना ड्रायव्हरला किंवा क्लीनरला अपघात झाला तर मालकावर भरपाईची जबाबदारी येते. दावा साधारणपणे अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. म्हणून पगाराची चिठ्ठी, हजेरी, मालकाच्या हातचा एखादा कागद, काही ना काही पुरावा जपून ठेवा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचा हक्क कायद्यात बसवण्यासाठी ते झटले. तो हक्क माहीत नसल्यामुळे आपण गमावला तर दोष कोणाला द्यायचा?

मुलाने मान खाली घातली आणि लांब फुटबोर्डचा कागद फाडून टाकला. मग काम झाले ते असे.

जुने फुटबोर्ड कापून काढले. ब्रॅकेट ठोकून पाहिले, ज्यांचा आवाज बद्द आला ते बदलले. नव्या पायरीला वर उंचवट्याच्या नक्षीची चेकर प्लेट, म्हणजे पावसाळ्यात चप्पल सटकत नाही, आणि खाली अँगलची चौकट. पाणी साचू नये म्हणून प्लेटला भोके. रुंदी मडगार्डच्या बाहेर न जाणारी, लांबी दाराएवढीच. चेसिसला वेल्डिंग केले नाही. तसे केल्याने सांगाडा त्या जागी कमजोर होतो. मूळच्या भोकांतून नवे बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर घालून पायरी बसवली. केबिनला वेल्डिंग करताना आधी बॅटरीची वायर काढून ठेवली. दाराशेजारी धरायला कडी लावली. चढता-उतरताना तोंड केबिनकडे हवे, आणि दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले हवेत, हे काकांनी सगळ्यांना करून दाखवले.

मग रंग. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून रंगकाम पावसाळा सरल्यावरच करावे. ओलसर पत्र्यावर मारलेला रंग फुगतो आणि त्याखाली गंज चालूच राहतो. जुना रंग खरवडला, गंज पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, खड्डे लांबीने भरले, पुन्हा पाण्याने घासले आणि मग एनॅमल. येथे आयाबहिणींना एक सांगणे आहे. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपायकारक असते. म्हणून खरवडताना मुलांना जवळ येऊ देऊ नये. काम करणाऱ्याने तोंडाला मास्क बांधावा, कपडे वेगळे धुवावे आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

केबिन निळी झाली. हौद्याच्या फळ्यांवर निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पंचरंगी पट्टे ओढले. कपाळावर "जय भीम" आणि मागच्या फाळक्यावर चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र. पेंटरने सवयीने "हॉर्न ओके प्लीज" लिहायला घेतले. त्याला थांबवले, कारण महाराष्ट्रात २०१५ साली ते लिहिण्यास बंदी झाली. त्या जागी "सावकाश चला, घरी वाट पाहतात" असे लिहिले. हे वाक्य काकूंचे.

सारा खर्च वर्गणीतून आणि मुलाच्या बचतीतून झाला. वहीत प्रत्येक पावती चिकटवून हिशेब विहाराच्या फळ्यावर लावला. वर्गणीचा पैसा घामाचा असतो. त्याचा हिशेब मागावा लागू नये, आपण होऊन द्यावा.

आता कागदपत्रांचे. गाडीचा रंग बदलला तर नोंदणी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते आणि कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. पन्नास वर्षांवरील वाहनांना 'व्हिंटेज' नोंदणी देण्याचा नियम २०२१ साली आला खरा, पण तो दुचाकींना आणि माणसे नेणाऱ्या खासगी मोटारींना. मालट्रकला त्याचा उपयोग नाही. मालवाहू गाडीला फिटनेसचा दाखला हवाच, आणि आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला तो दरवर्षी घ्यावा लागतो. काकांच्या गाडीचा दाखला कधीच संपलेला. अर्ज केला, पण चौदा एप्रिलपर्यंत काम पुरे झाले नाही.

तरुण मंडळी चिडली. "एक दिवसाचा तर प्रश्न आहे. गावातल्या गावात कोण अडवतो?" खूप बोलणे झाले. शेवटी वेल्डर मुलगाच म्हणाला, "ज्यांनी देशाला घटना दिली त्यांच्या जयंतीला बिनकागदाची गाडी काढायची?" त्यावर कोणी बोलले नाही.

बाबासाहेबांच्या चळवळीत ट्रकला एक वेगळी जागा आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत त्यांची अंत्ययात्रा फुलांनी सजवलेल्या ट्रकवरूनच निघाली. तेव्हापासून आपल्या माणसांच्या मनात जयंतीचा ट्रक म्हणजे नुसते वाहन नाही. म्हणूनच त्याचा मान राखला पाहिजे.

त्या दिवशी ट्रक विहाराच्या दारात उभा राहिला. चाकांना दगड लावले, हौद्यात बाबासाहेबांची आणि तथागतांची प्रतिमा ठेवली, आणि मिरवणूक पायी निघाली. सकाळपासून लोक ट्रक पाहायला येत होते. केबिनमध्ये बसून पाहायची हौस सगळ्यांना. म्हाताऱ्या आजीबाई कडीला धरून, नव्या पायरीवर पाय ठेवून चढल्या, सीटवर बसल्या आणि हसत उतरल्या. दुपारी एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ कुबडी घेऊन आले. काका खुर्चीवरून उठले, त्यांच्याजवळ गेले. कोणीतरी सांगितले, हेच ते क्लीनर. त्यांनी कुबडी मुलाच्या हाती दिली, कडी धरली, डावा पाय पायरीवर ठेवला आणि काकांनी मागून आधार दिला. केबिनमध्ये ते बराच वेळ बसले. खाली उतरल्यावर पायरीवर कुबडीने ठोकून म्हणाले, "पक्की झालीय." काकांना काही बोलता आले नाही.

संध्याकाळी पेंटर विचारू लागला, "कोपऱ्यात माझं नाव लिहू का?" कोणी म्हणाले, कशाला. मला कर्जतजवळची कोंडाणे लेणी आठवली. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी डोंगर कोरून चैत्य आणि विहार घडवले. तेथे ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा अर्थ. राजाचे नाव नाही, कारागिराचे आहे. एकदा मुलाबाळांना घेऊन जा आणि तो लेख दाखवा.

म्हणून मी म्हटले, "लिही. वेल्डिंग करणाऱ्याचंही लिही."

आता मागच्या फाळक्याच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक पिवळ्या अक्षरांत दोन नावे आहेत. गाडीचा फिटनेस झाला की ती नावे रस्त्यावर फिरतील. पुढच्या जयंतीला ट्रक मिरवणुकीत असेल, पोरे त्याच्यापुढे चालत असतील आणि फुटबोर्ड रिकामे असेल. आपल्या गावातही तसेच असू द्या.