आयडी ब्राँझची, हात कॉन्कररचा! गेममधलं 'स्मर्फिंग' म्हणजे काय आणि ते थांबत का नाही?

समजा, जिंतूरमधल्या आठवीतल्या एका पोराला सुट्टीत पहिल्यांदा बीजीएमआय खेळायला मिळालं. सुरुवातीच्या मॅच सोप्या गेल्या, कारण समोर बरेचसे बॉट होते. मग खरी माणसं आली. त्यातला एक जण असा, की उतरल्या उतरल्या सगळ्यांना गार करतोय. आयडी नवी कोरी, टियर ब्राँझ, पण निशाणा एकही चुकत नाही. पोरगं चार दिवस मार खातं आणि गेम डिलीट करून टाकतं.

याला स्मर्फिंग म्हणतात. मुरलेला खेळाडू दुसरी आयडी काढतो किंवा विकत घेतो आणि नवख्यांमध्ये जाऊन खेळतो.

नाव आलंय निळ्या स्मर्फ कार्टूनवरून. 1996 च्या सुमारास 'वॉरक्राफ्ट 2' मध्ये दोन खेळाडू इतके भारी झाले, की त्यांचं नाव दिसलं की लोक मॅच सोडून जायचे. मग त्यांनी पापास्मर्फ आणि स्मर्फेट या नावांनी खेळायला सुरुवात केली.

परभणीकराला हे समजायला कार्टूनची गरज नाही म्हणा. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांमध्ये 'बाहेरचा प्लेअर' खेळवल्यावरून होणारी भांडणं सगळ्यांनी पाहिलीत. म्हणून तर पत्रकावर 'एक गाव एक संघ, आधार कार्ड सोबत आणावे' असं छापलेलं असतं.

मग गेममध्येही ओळख तपासा की! इथेच खरी गंमत आहे.

'डोटा 2' ने 2017 मध्ये रँक्ड मॅचसाठी मोबाईल नंबर जोडणं सक्तीचं केलं. एक नंबर, एक अकाउंट. पण भारतात एका माणसाच्या नावावर 9 सिम चालतात (जम्मू-काश्मीर आणि ईशान्येत 6). म्हणजे ज्याला खोडीच काढायची आहे, त्याला कायद्यात बसूनही 9 आयडी मिळू शकतात.

बरं, नंबर नको, फोनच लॉक करू. एक फोन, एक आयडी. आता जिंतूरच्या त्याच घरात या. फोन एकच. दिवसा धाकटा खेळतो, संध्याकाळी कामावरून आला की दादा. दोघांची आयडी एकच असेल, तर रँक चढवणार दादा आणि त्या रँकवर मार खाणार धाकटा. दोघांनी वेगळ्या आयडी काढल्या, तर सिस्टमला एकाच फोनवर एक तगडा आणि एक नवखा दिसणार, म्हणजे संशय धाकट्यावर. सेकंडहँड फोन घेतला असेल तर आधीच्या मालकाचे उद्योगही नव्या मालकाला भोवू शकतात.

राहिलं आधार. आठवीतल्या मुलाचं आधार गेम कंपनीला द्यायचं, तेही एका मॅचसाठी? मला तरी हे औषध आजारापेक्षा वाईट वाटतं.

त्यापेक्षा 'हा कोण आहे' हे सोडून 'हा कसा खेळतोय' हे पाहणं बरं. बुद्धिबळाची मोफत वेबसाईट लिचेस हेच करते. तिथे नवीन खेळाडूला 1500 रेटिंग मिळतं, पण त्यापुढे प्रश्नचिन्ह असतं. अर्थ असा, की आम्हाला याचा अजून अंदाज नाही. यामागचं गणित मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाच्या ग्लिको पद्धतीवर आधारलेलं आहे. अंदाज जितका कच्चा, तितकी रेटिंगची उडी मोठी. त्यामुळे लपून आलेला वस्ताद थोड्याच डावांत स्वतःच्या बरोबरीच्यांपुढे जाऊन बसतो. धाकटा मात्र जिथल्या तिथे राहतो. फोन कुणाचा, सिम कुणाचं, याने काही फरक पडत नाही.

यालाही एक पळवाट आहे. मुद्दाम हरत राहायचं, म्हणजे रेटिंग खाली राहतं. याला सँडबॅगिंग म्हणतात. लिचेसवर त्याला बंदी आहे, पण 'मुद्दाम हरला' हे सिद्ध करायचं तर त्याचे डाव तपासावे लागतात, आणि ते वेळखाऊ काम आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये डोटा 2 च्या व्हॉल्व्ह कंपनीने वेगळाच घाव घातला. एका दमात 90 हजार स्मर्फ अकाउंट बंद केले. शिवाय त्यातलं प्रत्येक अकाउंट कुणाच्या मूळ अकाउंटशी जोडलेलं आहे, हे शोधून काढलं आणि सांगितलं, की यापुढे शिक्षा मूळ अकाउंटलाही होऊ शकते. फेकायची आयडी गेली तर कुणाला काय वाटणार? वर्षानुवर्षं खेळून जमवलेल्या आयडीवर गदा येणार म्हटल्यावर माणूस विचार करतो.

घरात फोन एकच असेल तर दादाने आणि धाकट्याने आयडी तरी वेगळ्या ठेवाव्यात. आणि दादा, धाकट्याच्या आयडीवरून 'एकच मॅच' खेळू नका.